शेजारीण कुणाला म्हणायचं?

(अड्याळ येथे परिसरातील महिला मंडळं आणि बचत गटांच्या मेळाव्यात झालेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



‘ख्रिस्ताची शिकवण आणि आपलं रोजचं जगणं’ असा विषय मागे फळ्यावर लिहिला आहे. मंडपात येताना दोघीतिघींची कुजबुज कानावर आली. एक म्हणत होती, ‘‘आपल्या गावात ख्रिस्ती घरं ती किती? कशाला हा विषय?’’ दुसरी म्हणाली, ‘‘धर्म बदला म्हणून सांगायला आल्या असतील.’’

दोन्ही शंका रास्त आहेत. आधी त्यांचं उत्तर देते, मग पुढचं बोलते.

मी ख्रिस्ती घरात जन्मले, नागपुरात वाढले. आजी मिशनच्या इस्पितळात नर्स होती. समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. केलं आणि गेली दहा-बारा वर्षं बायकांच्या तक्रारी ऐकणं, त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाऊन बसणं, हेच माझं काम आहे. धर्म बदलायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. त्यासाठी मंडप लागत नाही आणि मी त्यासाठी आलेलीही नाही. तुमच्या गावात हनुमानाची यात्रा भरते. तालुक्याच्या गावी, पवनीला, जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा बुद्धाचा स्तूप निघाला. तुकडोजी महाराजांची भजनं या भागात घरोघर आहेत. म्हणजे माणसानं माणसाशी कसं वागावं हे सांगणारे तुमच्याकडे कमी नाहीत. त्यात येशूनं सांगितलेली एक गोष्ट आणखी ऐकली तर काही बिघडणार नाही. चांगली गोष्ट कुणाच्या सातबाऱ्यावर चढवलेली नसते.

आणि खरं सांगायचं तर अडचण शिकवणीची नाहीच. ‘शेजाऱ्यावर प्रेम करा’ हे वाक्य न आवडणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. अडचण येते ती रात्री अकरा वाजता, बाजूच्या घरातून रडण्याचा आवाज येतो तेव्हा. तेव्हा आपण टीव्हीचा आवाज वाढवतो की दाराची कडी काढतो? सगळी शिकवण त्या कडीपाशी येऊन थांबते. म्हणून आज बोलायचं ते कडीबद्दल.

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. धर्मशास्त्राचा एक पंडित येशूला विचारतो, शेजारी, शेजारी म्हणता, पण माझा शेजारी नेमका कोण? प्रश्न मोठा चतुर आहे. शेजारी कोण हे एकदा ठरलं की कोण शेजारी नाही हेही ठरतं. बाकीच्यांना मग वाऱ्यावर सोडता येतं. आपणही हेच करतो. ती आपल्या जातीची नाही, आपल्या गटातली नाही, आपल्या पार्टीची नाही, तिचं वागणं बरं नाही. यादी लांबत जाते आणि शेजार आखडत जातो.

येशू त्याला व्याख्या सांगत बसत नाही, गोष्ट सांगतो. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला उतरत होता. वाटेत लुटारूंनी गाठलं, मारलं, कपडे काढून घेतले आणि अर्धमेला टाकून दिला. त्या वाटेनं एक याजक आला, म्हणजे देवळातला पुजारी. त्यानं पाहिलं आणि पलीकडच्या बाजूनं निघून गेला. मग एक लेवी आला, तोही देवळातल्या सेवेचा मानकरी. त्यानंही तेच केलं. तिसरा आला तो शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांना बाटगे समजत, त्यांच्याशी रोटीव्यवहार ठेवत नसत. तर हा ज्याच्या हातचं पाणी चालत नाही असा माणूस थांबला. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस घालून त्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, धर्मशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी निघताना धर्मशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली आणि सांगितलं, याला सांभाळ, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन.

गोष्ट संपल्यावर येशू पंडिताचा प्रश्न उलटा करतो. या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? बघा, ‘शेजारी कोण आहे’ हा प्रश्न गेला आणि ‘शेजारी कोण झालं’ हा आला. शेजार हा घराला घर लागून असल्यानं होत नाही. तो करावा लागतो.

आता माझ्यातली समाजकार्यकर्ती ही गोष्ट कशी वाचते ते सांगते. या शोमरोनी माणसानं जे केलं ते एकेक करून मोजा. पहिलं, तो जवळ गेला. लांबून ‘अरेरे’ म्हणाला नाही. दुसरं, जे जवळ होतं ते वापरलं. त्याच्याजवळ औषधाची पेटी नव्हती, प्रवासातली तेलाची कुपी होती. तिसरं, स्वतः पायी चालला आणि जनावर दुसऱ्याला दिलं, म्हणजे आपली सोय थोडी सोडली. चौथं, एकट्यानं सगळं करीन म्हणाला नाही, धर्मशाळेच्या मालकाला कामाला लावलं. पाचवं, पैसे दिले. ती नाणी दीनार होती आणि एक दीनार म्हणजे त्या काळची एका मजुराची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांची रोजी त्यानं अनोळखी माणसासाठी मोजली. आणि सहावं, जे आपल्याकडे सर्वांत कमी होतं, ते म्हणजे ‘परत येईन’ म्हणून सांगितलं.

आपल्या कामात पहिल्या दिवशी गर्दी असते. बाईला मारलं, हाकललं, की चार जणी जमतात, हळहळतात, कुणी चहा देतं. आठव्या दिवशी तिच्याकडे कोण जातं? तिसऱ्या महिन्यात कोर्टाच्या तारखेला तिच्याबरोबर एसटीत कोण बसतं? दयेचा पहिला उमाळा सगळ्यांनाच येतो. परत येण्याचा शब्द पाळणं हे काम आहे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शोमरोनी माणसानं मलमपट्टी करण्याआधी जखमी माणसाचा धर्म विचारला नाही, आणि मलमपट्टी झाल्यावर आपला धर्म घे असंही म्हटलं नाही. मदतीला अट नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, दोन हजार वर्षांपूर्वीची परदेशातली गोष्ट. तर इथली सांगते. 1896-97 साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतातच होता. त्या दुष्काळात पुण्याहून एक विधवा बाई या प्रांतात आली, पंडिता रमाबाई. 1858 साली जन्मलेली. तिच्या शास्त्रीबुवा वडिलांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात याच मुलीनं आईवडील आणि बहीण गमावली होती. उपास म्हणजे काय हे तिला पुस्तकातून कळलं नव्हतं. 1883 साली इंग्लंडमध्ये तिनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं.

दुष्काळात सरकारी अन्नछत्रं होती, मदतकामं होती. रमाबाईनं पाहिलं की अशा ठिकाणी पोरक्या मुली आणि तरण्या विधवा यांच्यावर माणसांचे डोळे आहेत. भाकरी देणारे हातच त्यांना विकायला निघालेले. नुसतं धान्य वाटून भागणार नव्हतं, त्या मुलींना तिथून उचलणं भाग होतं. सुमारे 300 मुली आणि बायका तिनं नेल्या. पुण्यात प्लेग होता, एवढा जमाव शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावला आधी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना उतरवलं. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथे 2000 च्या आसपास बाया-मुली होत्या असं सांगतात.

मला थक्क करतं ते पुढचं. इतक्या जणींना नुसतं जेवायला घालून तिनं बसवलं नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गायी पाळल्या, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना चालवला. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. ज्यांना लोक ‘पडलेल्या’ म्हणत, त्यांच्यासाठी कृपा सदन काढलं. आता धर्मशाळेच्या मालकाची आठवण करा. रमाबाईनं स्वतःच धर्मशाळा उभी केली आणि जखमींनाच तिच्या मालकिणी केलं. केडगावची ती संस्था आजही चालू आहे.

रमाबाईवर टीका झाली, तीही सांगायला हवी. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही असं तिनं कबूल केलं होतं. पण तिच्या खोलीतल्या प्रार्थनेला काही मुली जाऊन बसू लागल्या. 1893 साली पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या पाठीराख्यांनीही सल्लागार मंडळ सोडलं आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईचं म्हणणं होतं, मी माझ्या खोलीचं दार का बंद करू? पालकांचं म्हणणं होतं, लहान मुलीवर अशानं परिणाम होतोच. मला दोन्ही बाजू कळतात. पण आज काम करताना मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. जी बाई अडचणीत आहे, जिला माझ्या मदतीशिवाय दुसरा आधार नाही, तिच्यासमोर मी माझा धर्म काढत नाही. अडलेल्या माणसाचा होकार हा खरा होकार नसतो. हे बायकांना वेगळं सांगायला नको.

याच रमाबाईनं चर्चच्या वडीलधाऱ्यांचंही मुकाट्यानं ऐकलं नाही. ज्या इंग्रज जोगिणींनी तिला आसरा दिला, त्यांना वाटे, हिनं नम्रपणे आज्ञा पाळावी. ती त्यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिली. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान काढून घ्यायची आणि दुसऱ्याच्या जोखडात घालायची, हे तिला मान्य नव्हतं. 1897 साली प्लेगच्या काळात सरकारी इस्पितळात आणि छावणीत बायकांचे हाल झाले, त्याबद्दल तिनं सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. गोऱ्या राजाचा धर्म तोच माझा धर्म, म्हणून ती गप्प राहिली नाही.

आता दुसरी बाई, लक्ष्मीबाई टिळक. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची बायको, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी. हिची कथा तर तुमच्या रेल्वेलाइनीवरून जाते. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया ही तीच लाइन. गाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला, बोलणं झालं आणि त्यानं त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले. नवऱ्याचं आयुष्य बदललं, पण बायकोचं काय? लक्ष्मीबाईला कुणी विचारलं नव्हतं. तिच्यासाठी ते आकाश कोसळणंच होतं. मुलाला घेऊन ती काही वर्षं वेगळी राहिली.

तिच्या माहेरी सोवळ्याचा एवढा अतिरेक होता की बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घरात घ्यायची. अशा घरातली मुलगी. ती नवऱ्याच्या सांगण्यावरून बदलली नाही. एकदा ती स्वतःच विचार करत बसली, जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर गायी-म्हशींसारखा फरक माणसांच्या अंगावर दिसला असता. विचार पक्का झाल्यावर तिनं ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. आणि लक्षात घ्या, बाप्तिस्मा तिनं त्यानंतर, 1900 साली घेतला. आधी पाण्याचा पेला, मग धर्म. शाळेत न गेलेल्या बाईनं स्वतःच्या बुद्धीनं हा क्रम लावला. पुढे दुष्काळातली पोरकी मुलं तिनं घरात आणली, त्यांचं न्हाणं-धुणं केलं. तिचा ख्रिस्ती धर्म स्वयंपाकघरात दिसतो, म्हणून मला तो खरा वाटतो.

पाण्याच्या पेल्यावरून एक विचारते. बचत गटाची बैठक फिरती असते. आज हिच्या घरी, पुढच्या महिन्यात तिच्या घरी. सगळ्यांच्या घरी चहा होतो का? की काही घरी ‘आत्ताच घेतला’ असं सांगितलं जातं? उत्तर मला देऊ नका. ज्या घरी चहा तसाच राहतो, त्या घरच्या बाईला उत्तर पाठ असतं.

पाळीच्या दिवसांचंही तसंच. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली एक बाई गर्दीतून येऊन येशूच्या कपड्याला शिवते. त्यांच्या शास्त्राप्रमाणे ती विटाळशी, तिनं कुणाला शिवायचं नाही. येशू थांबतो, कोण शिवलं विचारतो. ती थरथरत पुढे येते. तो रागावत नाही, विटाळ झाला म्हणत नाही, तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात काही गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावं लागतं. साप-विंचवाची भीती, पावसात गळणारं छप्पर. पण त्यांना नावं ठेवण्याआधी आपापल्या घराकडे पाहू. आपली कुर्माघरं घराच्या आत, कोपऱ्यात आहेत एवढाच फरक.

आता मजुरीचं बोलू. इथल्या बहुतेकजणी रोवणीला जाता, निंदणाला जाता, धान कापायला जाता. चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाईची रोजी आणि बांधीची पार धरणाऱ्या गड्याची रोजी सारखी असते का? समान कामाला समान मजुरी हा कायदा 1976 साली झाला. आता ती तरतूद 2019 च्या वेतन संहितेत आहे. मालक म्हणतो, बाईचं काम हलकं. हलकं असेल तर एक दिवस त्यानं रोवून पाहावं! ज्या बाया बिड्या वळतात त्यांना ठाऊक आहे, हजार बिड्या मोजून दिल्या की त्यातल्या काही बाद म्हणून बाजूला काढतात. त्यांचे पैसे मिळत नाहीत आणि बिड्याही परत मिळत नाहीत. बाद बिडी ठेवून घेता कशाला, हा साधा प्रश्न आहे.

बायबलात याकोबाचं पत्र म्हणून एक छोटं पत्र आहे. त्यात धनवान जमीनदारांना सुनावलं आहे की तुमची पिकं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली, ती ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. मजुरी ओरडते! रविवारी चर्चमध्ये जाऊन हे ऐकणारा ख्रिस्ती मालक आपल्या घरच्या धुणंभांडीवालीला आजारपणाचे खाडे कापून पैसे देतो, तेव्हा त्यानं ऐकलं काय? तोच प्रश्न सगळ्या धर्मांच्या मालकांना आणि मालकिणींना. आपल्यातही मालकिणी आहेत. चार एकर धान असलेली बाई गटात माझी मैत्रीण असते आणि रोवणीच्या दिवसांत माझी मालकीण होते. तेव्हा तिची परीक्षा.

माझ्या समाजाचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही दुसऱ्यांनाच शिकवते. 1869 चा घटस्फोटाचा कायदा ख्रिस्ती लोकांना लागू होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळे. बायकोनं मात्र व्यभिचार दाखवून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा सोडून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर सुटका नव्हती. हा कायदा बदलायला 2001 साल उजाडलं. एकशे बत्तीस वर्षं! तोवर किती ख्रिस्ती बायकांना ‘क्षमा कर, प्रार्थना कर, घरी जा’ एवढंच सांगितलं गेलं असेल! क्षमा ही मोठी गोष्ट आहे. पण मार खाणाऱ्या बाईला क्षमा शिकवायची आणि मारणाऱ्याला काहीच शिकवायचं नाही, ही शिकवण ख्रिस्ताची नव्हे. जातही चर्चच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवली गेली नाही. कुणाच्या घरी सोयरीक करायची हे ठरवताना ती बरोबर आत येते. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की शिकवण आपोआप अंगात येते असं नाही. तीही रोज करावी लागते.

आता एक जड गोष्ट बोलायची आहे. आपल्याच जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियांका, मुलगे रोशन आणि सुधीर, चौघांना ठार मारलं. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती फाशी बदलून पंचवीस वर्षांची कैद केली. हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याच्या आधीचं आठवा. त्या महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला मारहाण झाली होती. सुरेखा आणि प्रियांका यांनी पोलिसांपुढे मारणाऱ्यांची ओळख पटवली. ते आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड झालं.

म्हणजे काय झालं पाहा. मार खाणाऱ्या माणसाच्या बाजूनं ती उभी राहिली होती. वाटेवरच्या जखमी माणसापाशी थांबणारी ती होती. आणि जेव्हा तिच्या दारात जमाव आला तेव्हा तिच्यासाठी कोण थांबलं? पलीकडच्या बाजूनं कितीजण निघून गेले?

म्हणून मी कुणाही बाईला ‘धीट हो, एकटी पुढे हो’ असं सांगत नाही. गोष्टीतला शोमरोनी एकटा होता. आपल्याला एकटं राहून चालणार नाही. थांबणाऱ्या बाईच्या मागे दहाजणी थांबल्या पाहिजेत. साक्ष देणारी एकटी पडली की पुढची साक्षीदार तयार होत नाही. गाव याच भरवशावर गप्प बसवता येतं.

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग नावाचे काळ्या लोकांचे पुढारी होते, स्वतः ख्रिस्ती धर्मोपदेशक. 1967 साली एका भाषणात त्यांनी याच गोष्टीबद्दल म्हटलं की जखमी माणसाला उचलणं ही सुरुवात झाली. यरीहोचा रस्ताच असा का आहे की त्यावर माणसं रोज लुटली जातात, तो रस्ता बदलायला हवा. बायकांच्या चळवळीचंही म्हणणं तेच आहे. मलम लावत राहायचं आणि रस्ताही बदलायचा. रस्ता बदलणं म्हणजे घर आणि शेत बाईच्या नावावर करणं, मजुरी सारखी करणं, ग्रामसभेत उभं राहून बोलणं, आणि मुलाला लहानपणीच हात उगारू न देणं.

एक उदाहरण सांगते. गावाचं नाव सांगत नाही, याच पट्ट्यातलं आहे. दारू पिऊन आलेल्या नवऱ्यानं बायकोला लेकरासकट रात्री घराबाहेर काढलं. ती तीन दारांवर गेली. तिन्ही घरं तिच्या भाऊबंदांची. ‘‘सकाळी बघू, आता तुमच्या भांडणात आम्ही कशाला?’’ चौथं दार उघडलं ते सत्तरीच्या एका आजीनं. जात वेगळी, मोहल्ला वेगळा. घरात एकच खोली. आजीनं लेकराला भात घातला आणि दाराला कडी लावून स्वतः दाराशी झोपली. सकाळी ती गटाच्या अध्यक्षीणबाईकडे गेली आणि म्हणाली, ‘‘माझ्याच्यानं रात्र निभली. दिवस तुम्ही निभवा.’’ मग पाचजणी त्या बाईबरोबर ठाण्यात गेल्या, नंतर संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज झाला. पुढचं सगळं गोड झालं असं नाही. नवऱ्याची दारू सुटलेली नाही. पण ती त्याच घरात राहते, कोर्टाच्या आदेशानं राहते, आणि दर महिन्याला गटातल्या दोघीजणी चहाच्या निमित्तानं तिच्याकडे जाऊन येतात. नवऱ्याला ते कळतं.

त्या आजीनं बायबल वाचलेलं नाही. पण ‘रात्र मी, दिवस तुम्ही’ ही वाटणी तिनं केली, तीच धर्मशाळेच्या मालकाशी शोमरोनी माणसानं केलेली वाटणी.

तर उठण्यापूर्वी चार गोष्टी ठरवू या. नुसती भाषणं ऐकून जायचं असेल तर त्याला यात्रेतलं कीर्तन बरं.

पहिली, प्रत्येक मोहल्ल्यात दोन घरं अशी ठरवा, ज्यांचं दार रात्री कोणत्याही बाईसाठी उघडेल. घराची नावं गटाच्या वहीत लिहा. घरातल्या पुरुषांशी आधीच बोलून ठेवा, ऐन वेळी वाद नको.

दुसरी, कायदा माहीत करून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे. त्यात बाईला सासरच्या राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. आपण ज्याला 498-अ म्हणत होतो, ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 85 झालं आहे. ठाण्यात कुणी ‘ते कलम आता गेलं’ म्हणालं तर हा नंबर सांगा. फोनमध्ये 112 आणि 181 हे दोन नंबर आजच भरा. ज्यांना जमत नसेल त्यांनी बाजूला बसलेल्या मुलीकडून भरून घ्या.

तिसरी, गटाच्या बचतीतून थोडी रक्कम वेगळी काढा. एसटीचं भाडं, दवाखान्याची चिठ्ठी, वकिलाच्या कागदांच्या झेरॉक्स. दोन दीनार म्हणा हवं तर. हे कर्ज नाही, त्याचं व्याज लावायचं नाही.

चौथी, परत जाण्याचं वेळापत्रक. आठव्या दिवशी कोण, महिन्यानं कोण, तारखेला कोण. नावासकट लिहा, कारण ‘कुणीतरी जाईल’ असं म्हटलं की कुणीच जात नाही.

यासाठी ख्रिस्ती व्हावं लागत नाही, आणि ख्रिस्ती असलेल्यांना यातून सूट नाही. मागे बसलेल्या ताईंनी विचारलं होतं, आपल्या गावात ख्रिस्ती घरं किती? खानेसुमारीत ती मोजता येतील. रात्री उघडणारी दारं किती, ही मोजदाद मात्र आपल्यालाच करायची आहे. वही आणली आहे. कोण पहिलं नाव सांगतंय?